जुनी फायबरची मोटरबोट कमी खर्चात कशी उभी करायची

फायबर कुजत नाही, हे खरं. पण जुन्या फायबरच्या बहुतेक मोटरबोटींच्या पोटात प्लायवूड आणि लाकूड असतं, आणि ते मात्र कुजतं. वरून चकचकीत दिसणारी बोट आतून भिजलेली निघते, आणि उन्हाने पांढुरकी पडलेली, कुणी बघायलाही थांबणार नाही अशी बोट आतून ठणठणीत असते. म्हणून पैसे कुठे घालायचे ते आधीच ठरवा. ट्रान्सम, स्ट्रिंगर, फ्लोअर आणि पेट्रोलची लाइन यांत काटकसर करायची नाही. रंग, सीट, स्टीलची चमकदार फिटिंग यांत हवी तेवढी करा. प्रत्यक्षात पुष्कळजण नेमकं उलटं करतात आणि कुजलेल्या ट्रान्समवर नवा रंग चढवून इंजिन टांगतात.

पुढचं सगळं साधारण साडेचार मीटर लांबीच्या, मागे आउटबोर्ड, म्हणजे बाहेर टांगलेलं, इंजिन असलेल्या उघड्या बोटीला धरून लिहिलं आहे. मोठ्या बोटीत कामाचा क्रम तोच राहतो, मापं वाढतात.

नावं आधी नीट समजून घ्या. बोटीची मागची उभी भिंत, जिच्यावर इंजिन बसतं, तो ट्रान्सम. बोटीचं बाहेरचं कवच म्हणजे हल. त्याच्या तळाशी नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, मागे लांबीने जाणारे, फायबरमध्ये गुंडाळलेले लाकडी दांडे म्हणजे स्ट्रिंगर. तळाला ताठपणा तेच देतात. त्यांच्यावर टाकलेली, आपण चालतो ती फळी म्हणजे फ्लोअर. स्ट्रिंगरच्या मधल्या कप्प्यांत बहुधा फोम भरलेला असतो, बोट पाण्याने भरली तरी बुडू नये म्हणून. सगळ्यात खाली पाणी साचतं ती जागा बिल्ज.

घेण्याआधीची तपासणी

सगळ्यात आधी कागद. हलवरचा क्रमांक आणि नोंदणी जुळत नसेल, मालकाकडे विक्रीचा कागद नसेल, तर बोट फुकट मिळाली तरी घेऊ नका.

मग प्लास्टिकची हातोडी किंवा स्क्रूड्रायव्हरची मूठ घेऊन ट्रान्सम, फ्लोअर आणि तळ इंचाइंचाने ठोकून बघा. धड लाकडावर आवाज खणखणीत आणि आखूड येतो. भिजलेल्या किंवा थर सुटलेल्या जागी तो बद्द येतो. ट्रान्समसाठी आणखी एक खात्रीची चाचणी आहे. इंजिनचा खालचा पाय दोन्ही हातांनी धरून वर-खाली दाबा आणि त्याच वेळी दुसऱ्या माणसाला ट्रान्समच्या वरच्या कडेकडे बघायला सांगा. कड जराही वाकताना दिसली किंवा इंजिनच्या बोल्टभोवती पाणी पाझरलं तर आतलं लाकूड गेलं आहे.

संशय उरला तर, मालकाच्या परवानगीने, आतल्या बाजूने ट्रान्समच्या खालच्या भागात ५ मिमीचं ड्रिल दोन-तीन ठिकाणी सुमारे २५ मिमी खोल घाला. ट्रान्समची जाडी साधारण ४० ते ४५ मिमी असते, त्यामुळे ड्रिलवर टेपची खूण करा, म्हणजे ते पलीकडे जाणार नाही. भुसा फिकट आणि कोरडा निघाला तर ठीक. काळसर, ओला, आंबूस वासाचा निघाला तर ट्रान्सम बदलायचा हे धरूनच किंमत ठरवा. भोकं नंतर एपॉक्सीने बुजवा.

फ्लोअरवर चालताना पायाखाली दबतंय का ते बघा. फ्लोअर मऊ लागला तर खालचा फोम आणि स्ट्रिंगर भिजलेले असण्याची शक्यता फार मोठी. १०० लिटर फोमने पुरेपूर पाणी प्यायलं तर बोट जवळजवळ १०० किलोने जड होते. तीच जुनी बोट पूर्वीसारखी पळत का नाही, याचं उत्तर पुष्कळदा इथे असतं.

जेलकोट म्हणजे फायबरवरचा बाहेरचा चकचकीत थर. त्यावरच्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा फार भीतीच्या नसतात. पण एखाद्या कोपऱ्यातून किंवा स्ट्रिंगरच्या रेषेवरून सरळ जाणारी लांब भेग दिसली तर तिथलं आतलं काम हललेलं असतं.

इंजिन बोटीबरोबर मिळत असेल तर हलला हात लावण्याआधी त्याची परीक्षा घ्या. सगळे स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी आकड्यात १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर रिंग, पिस्टन किंवा गॅस्केटचं काम निघेल. गिअरकेसचा खालचा स्क्रू थोडा सैल करून तेल बघा. तेल दुधाळ असेल तर सीलमधून पाणी शिरतंय. हलवर दोन महिने घालवून मग इंजिन मेलेलं आहे हे कळणं फार महागात पडतं.

रेझिन कोणतं घ्यायचं

रेझिन म्हणजे काचेचे थर भिजवून कडक करणारा द्रव. इथे नवखा माणूस गोंधळतो. पॉलिएस्टर स्वस्त आहे आणि जुनी बोट बहुधा त्याचीच बनलेली असते. एपॉक्सी महाग आहे, पण जुन्या थराला आणि लाकडाला ते कितीतरी घट्ट धरतं. कमी बजेटमध्ये ट्रान्सम, स्ट्रिंगर आणि फ्लोअर पॉलिएस्टरमध्ये करता येतात. त्यासाठी जुना पृष्ठभाग मनापासून घासायची तयारी हवी. एपॉक्सी स्क्रूची भोकं सील करायला आणि पाण्याखालचे फोड भरायला राखून ठेवा. एक नियम मात्र मोडू नका: पॉलिएस्टरवर एपॉक्सी चालतं, एपॉक्सीवर पॉलिएस्टर किंवा जेलकोट नीट धरत नाही. म्हणून एपॉक्सीचं काम नेहमी शेवटी.

दुसरी गल्लत मॅटची होते. साध्या चॉप्ड स्ट्रँड मॅटमधले (काचेच्या तुकडे केलेल्या धाग्यांच्या चादरीतले) धागे एका बाइंडरने चिकटवलेले असतात आणि तो बाइंडर पॉलिएस्टरमधल्या स्टायरिनने विरघळतो. एपॉक्सीत स्टायरिन नसतं, त्यामुळे ती मॅट ताठच राहते, वळणावर बसत नाही. एपॉक्सीसाठी विणलेलं किंवा शिवलेलं कापड घ्यावं लागतं.

पॉलिएस्टरला कडक करणारं हार्डनर म्हणजे एमईकेपी. प्रमाण वजनाच्या १ ते २ टक्के. १ किलो रेझिनला १० ते २० ग्रॅम. २५ अंशांच्या आसपास १.५ टक्के घातलं तर साधारण पाव तासाने रेझिन घट्ट व्हायला लागतं. उन्हाळ्यात १ टक्क्यावर या, पण त्याहून खाली जाऊ नका. खाली गेलात तर रेझिन कधीच पूर्ण कडक होत नाही, वर्षभरानेही नखाने ओरखडा उठतो. २ टक्क्यांच्या वर गेलात तर ते तापतं, आकसतं, ठिसूळ होतं. १५ अंशांखाली काम पुढे ढकला. एपॉक्सीत याच्या अगदी उलट आहे. तिथे डब्यावर लिहिलेलं प्रमाण म्हणजे प्रमाण, लवकर सुकावं म्हणून हार्डनर वाढवलं तर मिश्रण मऊच राहतं.

रेझिन कोबाल्ट (हार्डनरचं काम सुरू करून देणारं रसायन) घातलेलं आहे की कोबाल्ट वेगळं मिळालं आहे, ते विकत घेतानाच विचारा. वेगळं असेल तर आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग एमईकेपी. कोबाल्ट आणि एमईकेपी थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, स्फोट होतो. दोन्हीसाठी एकच मापाचा कप वापरणंही तितकंच धोक्याचं. एमईकेपीचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून ते ओतताना चष्मा हवाच, आणि बाजूला पाण्याची भरलेली बादली.

आता माल किती लागेल. चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाच्या मॅटला तिच्या वजनाच्या सव्वादोन पट रेझिन लागतं, म्हणजे १ चौरस मीटरच्या एका थराला सुमारे १ किलो. त्यातून साधारण १ मिमी जाडी मिळते. ६०० ग्रॅमच्या विणलेल्या रोव्हिंगला (जाड काचेच्या धाग्यांच्या कापडाला) वजनाएवढंच किंवा किंचित जास्त. या हिशेबाने साडेचार मीटरच्या बोटीचा ट्रान्सम, तीन स्ट्रिंगर आणि फ्लोअर असं सगळं करायचं तर नासधूस धरून ३५ ते ४५ किलो रेझिन आणि पाऊण लिटर एमईकेपी धरा. रोलर, ब्रश, हातमोजे, ॲसिटोन, ग्राइंडरच्या चकत्या, मास्कची फिल्टरं या किरकोळ वाटणाऱ्या वस्तूंचा खर्च नवखे हिशेबात घेत नाहीत. तो रेझिनच्या खर्चाच्या जवळ जाऊ शकतो. तेव्हा तो आधीच वेगळा काढा.

प्लाय मरीन ग्रेडचं, आत पोकळी नसलेलं घ्या. औषध मारलेलं ओलं प्लाय टिकाऊ वाटतं, पण ओल्या लाकडाला रेझिन धरत नाही. लाकडातला ओलावा १२ टक्क्यांच्या आत असावा.

उघडायला सुरुवात

फ्लोअर आणि स्ट्रिंगर काढले की हल लिबलिबीत होतो. अशा अवस्थेत तो जसा टेकलेला असेल तसाच आकार नव्या स्ट्रिंगरमुळे कायमचा पक्का होतो. तळाला मागच्या भागात पोक किंवा खळगा पडला तर बोट वेगात नाक आपटत चालते, आणि मग त्यावर उपाय उरत नाही. म्हणून आधी बोट समतल करा आणि तळाला किमान चार-पाच ठिकाणी रुंद, गादी लावलेले टेकू द्या. नाळेच्या टोकापासून ट्रान्समच्या दोन्ही वरच्या कोपऱ्यांपर्यंतची अंतरं मोजून लिहा. दोन्ही सारखी असायला हवीत आणि काम संपेपर्यंत तशीच राहायला हवीत.

फ्लोअरखाली पेट्रोलची टाकी असेल तर ती आधी रिकामी करून बाहेर काढा, बिल्ज दोन दिवस उघडं ठेवा. ग्राइंडरची ठिणगी आणि पेट्रोलची वाफ एकत्र आली की पुढचं सांगायला नको.

कापण्याआधी फोटो, मापं, पुठ्ठ्याचे साचे. स्ट्रिंगरची उंची प्रत्येक अर्ध्या मीटरवर मोजा, ट्रान्समचा कोन आणि वरच्या कडेची उंची नोंदवा. इंजिन किती उंचीवर बसेल ते याच मापावर ठरतं. लहान पायाच्या इंजिनाला ट्रान्समची उंची साधारण ३८ सेंमी लागते, लांब पायाच्या इंजिनाला ५१.

गोल करवतीचं पातं फ्लोअरच्या जाडीएवढंच, म्हणजे १५ मिमीच्या आसपास खाली ठेवा, नाहीतर ते हलमध्ये घुसेल. हलच्या कडेने ५ ते ७ सेंमीची जुनी पट्टी ठेवून आतला भाग काढा. ही पट्टी नव्या फ्लोअरची उंची दाखवते. शेवटी ती घासून टाकायची. ओला फोम फावड्याने आणि पटाशीने खणून काढावा लागतो. तो सुकवून परत वापरता येईल असं समजू नका, आतलं पाणी महिनोन्महिने निघत नाही.

मग घासणं. संपूर्ण प्रकल्पातलं सगळ्यात नकोसं काम हेच, आणि जोड टिकणार की सुटणार ते इथेच ठरतं. ३६ किंवा ४० ग्रिटच्या चकतीने जुनं फायबर स्वच्छ, निस्तेज आणि एकसारखं दिसेपर्यंत घासा. चमकणारा एकही ठिपका राहिला तर तिथे नवा थर फक्त टेकलेला असतो, धरलेला नसतो. काचेची धूळ फुप्फुसांत राहते, म्हणून कापडी फडकं चालणार नाही. धुळीसाठी पी१०० फिल्टरचा रबरी मास्क, आणि रेझिनच्या कामासाठी त्याच मास्कला वाफेचं कार्ट्रिज. पूर्ण बाह्यांचे कपडे घालून मनगटं टेपने बंद करा, आणि नंतर आधी गार पाण्याने अंघोळ करा. गरम पाण्याने खाज वाढते.

ट्रान्सम

आतून काम करणं बरं, म्हणजे बाहेरचा जेलकोट वाचतो.

१. आतला फायबरचा थर कापून सोलून काढा. कुजलेलं लाकूड पटाशीने हाताने निघेल. कोपऱ्यात धड लाकूड असेल तर ते फार चिवट बसलेलं असतं. बाहेरचा ३ ते ५ मिमीचा थर जपा, ग्राइंडर आडवा धरून हलकेच फिरवा.

२. पुठ्ठ्याचा साचा करून १८ मिमी प्लायचे दोन तुकडे कापा. ट्रान्सम ६० सेंमीपेक्षा उंच नसेल तर आठ बाय चारच्या एका शीटमधून दोन्ही निघतात. कोरडे बसवून बघा, चारी बाजूंनी ३ ते ५ मिमी जागा सुटू द्या.

३. प्रत्येक तुकड्याला सगळ्या बाजूंनी रेझिनचा पातळ हात द्या. कडांना तीनदा, कारण प्लाय पाणी कडेतूनच पितं. रेझिन ॲसिटोनने पातळ करायची सवय लावून घेऊ नका. ॲसिटोन आत अडकतं आणि थर कमजोर राहतो.

४. बाहेरच्या थरावर आतून एक ओली मॅट लावा. त्यावर रेझिनमध्ये फ्युम्ड सिलिका (घट्टपणा आणणारी हलकी पूड) आणि बारीक कापलेले काचेचे धागे घालून केलेली घट्ट लांबी, म्हणजे पुट्टी, खाचांच्या पत्र्याने पसरा. लांबी उभ्या पृष्ठभागावरून घसरायला नको इतकी घट्ट हवी. मधे हवा अडकू नये म्हणून लांबी मध्यभागी जास्त, कडेला कमी.

५. पहिलं प्लाय दाबा, त्यावर ओली मॅट, मग दुसरं प्लाय. बाहेरून आणि आतून आडव्या फळ्या लावून बोल्टने किंवा क्लॅम्पने आवळा. कडेने सगळीकडे लांबी बाहेर आली की थांबा. आणखी आवळलं तर सगळं रेझिन पिळून निघतं आणि जोड कोरडा पडतो. फळ्यांना मेणकागद किंवा प्लास्टिक लावायला विसरू नका, नाहीतर त्याही बोटीचाच भाग होतील.

६. सुकल्यावर ट्रान्सम आणि हलच्या कोपऱ्यात त्याच लांबीने गोलाई द्या, त्रिज्या १२ मिमीपेक्षा कमी नको. काच काटकोनात वळत नाही, कोपऱ्यातून उचलली जाते आणि मागे हवेची पोकळी राहते.

७. आता काचेच्या पट्ट्या. पहिली हलवर ७ सेंमी येईल अशी, पुढची ११, त्याच्या पुढची १५. सगळ्या एकाच रेषेवर संपवल्या तर तिथे कडक धार तयार होते आणि हल तिथेच तडकतो. पट्ट्यांवर पूर्ण ट्रान्समभर मॅट-रोव्हिंग-मॅट-रोव्हिंग-मॅट.

एका वेळी दोन-तीन थरच लावा, ते थंड होऊ द्या, मग पुढचे. जाड थर एकदम लावला तर आतली उष्णता बाहेर पडत नाही, रेझिन पिवळं पडतं, कधी धूर निघतो. हीच गोष्ट डब्यात उरलेल्या रेझिनची. अर्धा किलो मिश्रण खोल डब्यात ठेवलं तर ते मिनिटांत उकळतं. पसरट ट्रेमध्ये ओता, आणि वाया गेलेलं पूर्ण थंड होईपर्यंत उघड्यावर ठेवा.

मॅट नीट भिजली का ते रंगावरून कळतं. कोरडी मॅट पांढरी असते, भिजली की पारदर्शक होते. पांढरे ठिपके म्हणजे हवा. खाचांचा धातूचा रोलर मधून कडेकडे फिरवत ते बाहेर काढा. त्याच वेळी रेझिन साचून चकाकत असेल तर ते जास्त झालंय. रेझिनने वजन वाढतं, ताकद काचेची असते.

थर लावायचं रेझिन मेण नसलेलं घ्या. त्याचा पृष्ठभाग हवेत चिकट राहतो आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्यावर पुढचा थर न घासता लावता येतो. फक्त शेवटच्या थराला मेण घातलेलं रेझिन. मधे तीन-चार दिवस गेले तर मात्र पुन्हा घासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

स्ट्रिंगर, एकावेळी एकच

सगळे स्ट्रिंगर एकदम काढण्याचा मोह आवरा. एक काढा, त्याचा नवा बसवा, तो सुकला की दुसरा. आकार जपण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

नव्या स्ट्रिंगरचं लाकूड हलच्या फायबरवर थेट टेकवू नका. लांबीची (पुट्टीची) ३ ते ५ मिमी जाड गादी घालून त्यावर बसवा, नाहीतर लाटांचा मार एका रेषेवर येतो आणि बाहेरून जेलकोटला लांब भेग पडते. वरच्या कडा ६ मिमी तरी गोल करा. मग दोन मॅट आणि मधे एक रोव्हिंग, संपूर्ण स्ट्रिंगरवरून दोन्ही बाजूंना हलवर १५ सेंमी उतरवून. मागचं टोक ट्रान्समला टेकतं तिथे पट्ट्या नीट जोडा. इंजिनचा जोर तिथूनच पुढे जातो.

पाणी मागे वाहून जायला स्ट्रिंगरला किंवा आडव्या भिंतींना भोकं लागतात. जुन्या बोटींत ही भोकं उघड्या लाकडात पाडून तशीच सोडलेली असतात, आणि कुजणं पुष्कळदा तिथूनच सुरू झालेलं असतं. भोक मोठं पाडा, त्यात प्लास्टिकच्या नळीचा तुकडा लांबीत बसवा.

फोम टाळू नका

ओला फोम काढल्यावर कप्पे रिकामे ठेवायचा सल्ला तुम्हाला मिळेल. तो ऐकू नका. बोट पाण्याने भरली तर माणसांना धरून राहायला तरंगणारी बोट या फोममुळेच मिळते. बंद पेशींचा, ओतायचा पॉलियुरेथेन फोम साधारण ३२ किलो प्रति घनमीटर घनतेचा असतो, म्हणजे १०० लिटर फोम ९५ किलोच्या आसपास वजन उचलून धरतो. जितका काढलात तितका तरी परत भरा.

ओतताना थोडा थोडा ओता. एकदम ओतला तर तो फुगून नवा फ्लोअर उचलतो, आणि आतून इतका तापतो की करपतो. पाण्याला मागे जायची वाट बंद होणार नाही याची काळजी घ्या, बिल्जच्या मधल्या रेषेत नळी ठेवूनच फोम भरा. थर्माकोल किंवा पॉलिस्टायरिनच्या शीट स्वस्त पडतात, पण पॉलिएस्टर रेझिन आणि पेट्रोल दोन्हींनी त्या विरघळतात.

फ्लोअरला १२ मिमी प्लाय पुरे. खालची बाजू आणि कडा बसवण्याआधीच रेझिनने सील करा, कारण नंतर हात पोचत नाही. लांबीत टेकवून स्टेनलेसच्या स्क्रूंनी तात्पुरतं आवळा, वरून दोन मॅट, हलच्या बाजूने १० सेंमी वर चढवून.

पुढे सीट, रॉड होल्डर, कन्सोल, जे काही बसवाल, त्याच्या प्रत्येक स्क्रूचं भोक आधी दुप्पट मोठं पाडा, एपॉक्सीने भरा, सुकल्यावर त्यात योग्य मापाचं भोक पाडा. लाकडाला स्क्रूचा स्पर्शच होत नाही, पाणी आत जायला वाटच नाही. ट्रान्समवरच्या इंजिनच्या चार बोल्टांना हे सगळ्यात आधी लागू. जुना ट्रान्सम बहुधा याच भोकांतून कुजलेला असतो. सीलंट पॉलियुरेथेनचं किंवा पॉलिसल्फाइडचं. घरगुती सिलिकॉन लावलं तर पुढे त्या जागी रंग, रेझिन, काहीच धरत नाही.

तळ आणि बाहेरची बाजू

हलला भोक असेल तर त्याच्या कडा १२ पट उतार देऊन घासा. ३ मिमी जाडीच्या हलला भोकाच्या कडेपासून ३६ मिमी बाहेरपर्यंत. मग आतून आधार देऊन मॅटचे तुकडे एकावर एक. उतार न देता नुसतं ठिगळ लावलं तर ते कडेने सुटतं.

पाण्याखालचे फोड उघडा, गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवा आणि आठवडेच्या आठवडे सुकू द्या. घाईत भरलेला फोड परत येतो. भरायला एपॉक्सीची लांबी. गाड्यांची बॉडी लांबी पाणी शोषते, ती पाण्याखाली कधीही नको.

रंगाचं काम पुष्कळदा टळतं. जेलकोट साधारण अर्धा मिमी जाड असतो आणि पांढुरका पडलेला थर फक्त वरवरचा असतो. आधी मेण काढायच्या द्रावणाने पुसा, मगच घासा. उलट क्रमाने केलं तर पेपर मेण आतल्या ओरखड्यांत दाबतो आणि नंतरचा रंग माशाच्या डोळ्यासारखे खड्डे धरतो. ६०० पासून १५०० पर्यंतचा पाणी-पेपर, मग कंपाउंड, मग मेण. रंगवायचंच असेल तर एका डब्याचा पॉलियुरेथेन रोलरने लावून कोरड्या ब्रशच्या टोकाने हलकेच ओढा. दोन डब्यांचा रंग फवाऱ्याने मारू नका. त्यातल्या आयसोसायनेटसाठी साधा मास्क पुरत नाही.

इंजिन, पेट्रोल, वायरी

पाण्याच्या पंपाचा इम्पेलर न बघता बदला. रबर वर्षभर एका जागी वाकून राहिलं की ताठ होतं आणि इंजिन तापून जाम होतं. गिअर ऑइल खालच्या भोकातून वर चढवा, वरच्या भोकातून बुडबुडे नसलेलं तेल येईपर्यंत. प्लग, थर्मोस्टॅट आणि कार्ब्युरेटरची सफाई हे ओघाने आलंच. पाण्याशिवाय इंजिन क्षणभरही चालवू नका, मफ (नळाचं पाणी इंजिनला देणारे रबरी कप) लावा किंवा पाय टबात बुडवा, आणि मागून पाण्याची धार येते का ते बघा.

पेट्रोलच्या सगळ्या नळ्या आणि हाताने दाबायचा बल्ब नवे, मरीन ग्रेडचे. जुनी टाकी ठेवत असाल तर तिला ०.२ बार दाब देऊन साबणाच्या पाण्याने तपासा. जाम झालेली स्टिअरिंगची केबल मोकळी करून वापरू नका, ती पुन्हा जाम होते आणि ते नेमकं वळताना कळतं.

वायरी टिन केलेल्या तांब्याच्या. जोड क्रिम्प करून गोंद असलेली हीटश्रिंक चढवा, नुसते पिळून टेप मारलेले जोड खाऱ्या हवेत एका मोसमात हिरवे पडतात. बॅटरीच्या १८ सेंमीच्या आत मुख्य फ्यूज. बिल्ज पंपाची लाइन स्वतंत्र फ्यूजने थेट बॅटरीवर, फ्लोट स्विचसह, म्हणजे मुख्य स्विच बंद असतानाही तो चालेल.

पाण्यात

बोट ट्रेलरवर असतानाच बिल्जमध्ये ५ ते १० सेंमी पाणी ओता आणि बाहेरून ओल कुठे दिसते ते खडूने खुणवा. यापेक्षा जास्त भरू नका, १ चौरस मीटरवर १० सेंमी पाणी म्हणजे १०० किलो, आणि ट्रेलरवरचा हल तेवढ्यासाठी बनलेला नाही. ट्रेलरची बेअरिंग, ब्रेक आणि दिवेही याच वेळी बघून घ्या.

इंजिन बसवताना प्रोपेलरच्या वरची आडवी प्लेट हलच्या तळाच्या रेषेत किंवा २५ मिमीपर्यंत वर यावी. खाली गेली तर बोट पाणी ओढते, फार वर गेली तर वळताना प्रोपेलर हवा खातो.

ड्रेन प्लग लावलाय ना, हे उतरवण्याआधी हाताने चाचपून बघा. बोट दोरीने बांधलेलीच ठेवून पंधरा मिनिटं बिल्ज बघत राहा, विशेषतः ट्रान्समचा खालचा कोपरा. लाइफ जॅकेट, वल्हं, नांगर आणि अग्निशामक घेतल्याशिवाय किनारा सोडू नका. पहिल्या फेरीत अर्ध्या वेगावर थांबा. परत आल्यावर इंजिनचे चारही बोल्ट पान्याने तपासा, लाकूड आणि लांबी दाबून बसल्यामुळे ते हमखास थोडे सैल झालेले असतात. ट्रान्समच्या आतल्या कोपऱ्यांत नवी पांढरी रेघ दिसते का तेही बघा. रेघ दिसली तर तिथली पट्टी सुटते आहे. बोट पुन्हा पाण्यात नेण्याआधी ती जागा घासून नव्याने भरावी लागेल. काहीच दिसलं नाही तर पुढच्या दोन-तीन फेऱ्यांनंतर हीच तपासणी पुन्हा करा, आणि बोट ठेवताना नाळ वर, ड्रेन प्लग उघडा, आच्छादनाखाली हवा खेळती.